मूठभर फुटाणे आणि रोजची खारीक

माझी एक मुलगी आहे, ती रीतसर झालेली. आणि एक मुलगा आहे, तो मूठभर फुटाणे देऊन विकत घेतलेला. घेतला तेव्हा तो सव्वा किलोचाही नव्हता. एवढ्या वजनाची भाजी घेतली तर भाजीवाला वर कोथिंबीरसुद्धा टाकत नाही.

जबलपूरच्या एका इस्पितळात नवजात बाळांच्या आयसीयूत मी रात्रपाळी करते. दिवस भरायच्या आधीच घाई करून आलेली, श्वास घ्यायचा असतो हेच विसरलेली पोट्टी आमच्याकडे असतात. त्यांना गरम वॉर्मरवर ठेवायचं, नळीने दूध द्यायचं, मशीन ओरडलं की पळायचं. लोकांना वाटतं, रात्रपाळी म्हणजे खुर्चीत मान टाकून पगार घ्यायचा. आमच्या सासूबाईंना तर इतकी वर्षं झाली तरी तसंच वाटतं. सकाळी मी महाराजपूरच्या घरी पोचले की विचारतात, "झाली का झोप?" मी "हो" म्हणते. भांडायला अंगात जीव लागतो, तो तोवर संपलेला असतो.

त्या संध्याकाळी मी ड्यूटीवर आले तर दारात एक आजी आडवी उभी. गार्डने हिंदीतून समजावलं, हात जोडले, दम दिला, आजी ढिम्म. आतली बाई बाहेर येईना, बाहेरची आत जाईना. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो आजी, सरका न थोडं, काहून लोकांना त्रास देऊन राहिल्या?" झालं. आजीचा चेहरा असा खुलला, जणू मी तिच्या माहेरचीच. "मराठी हो का तुम्ही? मग तुमच्याशीच काम आहे," म्हणाली आणि माझा हातच धरला.

आजी इथल्याच गढा भागातली. मूळचे वरूडकडचे लोक, दोन पिढ्या इथेच. सुनेला त्याच दिवशी पहाटे मुलगा झाला होता, सातव्या महिन्यात. सुनेचं हे तिसरं. पहिलं पोटातच गेलं, दुसरं बारशाच्या आधी गेलं. आणि हे तिसरं आमच्या वॉर्मरवर, नाकात नळी घालून. आजी म्हणाली, "तुमचं यंत्र चालू द्या, डॉक्टरीण बाईचं औषध चालू द्या. पण मले हे पोट्टं विकायचं आहे."

मला कळलं ती काय म्हणते ते. आमच्या लोकांत ही जुनी रीत आहे. ज्या घरात पोरं टिकत नाहीत, तिथलं नवं पोर मूठभर कोंड्याला दुसऱ्याच्या पदरात टाकायचं. मग ते त्या घरचं राहिलंच नाही, आणि न्यायला येणारा त्या घरी येऊन रिकाम्या हाताने परत जातो. आमच्या आजोबांच्या पिढीत अशी विकत घेतलेली दोन-तीन म्हातारी तरी मी पाहिली आहेत, चांगली नव्वदीपर्यंत खोकत राहिलेली. पण ते खेड्यातलं. इथे वर सीसीटीव्ही, खाली गार्ड, आणि आजी दारात पोट्टं विकून राहिली.

मी म्हटलं, "आजी, माझ्याजवळ कोंडा कुठून येणार? डब्यात फुटाणे आहेत फक्त."

विषय मिटावा म्हणून म्हटलं होतं मी. आजीने तिथल्या तिथे पदर पसरला. "फुटाणे बी चालते. धान्यच आहे."

मागे दुपारच्या सिस्टर घरी जायला ताटकळल्या होत्या. मी डबा उघडला, मूठ भरली आणि आजीच्या पदरात टाकली. आजीने गाठ मारली, दाराकडे एकदा पाहिलं आणि मोठ्याने, वर कोणाला तरी ऐकू जावं अशी बोलली, "आता ते तुमचं. आमचा काही संबंध नाही." आणि बाजूला झाली. दिवसभर गार्डला जे जमलं नाही ते मी मूठभर फुटाण्यांत केलं, याचा मला त्या वेळी चांगलाच अभिमान वाटला. यालाच विकतचं दुखणं म्हणतात, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "मला विचारायचं तरी." मी म्हटलं, "फुटाणे तुम्हीच आणलेले होते, तुमचाही हिस्सा आहे." सासूबाई म्हणाल्या, रात्रभर बाहेर राहून बायका साड्या आणतात, ही पोर घेऊन आली. मुलगी बारावीत, मराठी सगळं समजते पण बोलायची वेळ आली की हिंदीत घुसते. ती म्हणाली, "मतलब मेरा भाई है? राखी भेजूँ?" घरात दोन दिवस करमणूक झाली.

इस्पितळात मात्र करमणूक लवकर संपली. आमची डॉक्टर तरुण पोरगी आहे, शांत, हळू बोलणारी. ती म्हणाली, बाळाचं पोट फुगतंय, डब्याचं दूध त्याला पचत नाही, आईचं दूध हवं, नाहीतर आतड्याचं काही खरं नाही. आई तर वरच्याच मजल्यावर होती, ठणठणीत. पण ती दूध द्यायला तयार नव्हती. दिवसपाळीच्या सिस्टर वाटी घेऊन वर गेल्या, तर सून भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "वो मेरा नहीं है. जिनका है उनसे पूछो."

सिस्टरांना वाटलं, बाळंतपणात डोकं फिरलं. त्यांनी मला फोन केला. झोपेतून उठून मी ऐकलं आणि ओळखलं, डोकं कोणाचंही फिरलेलं नाही. आजीने व्यवहार केला होता आणि सून तो इमानदारीने पाळून राहिली होती. आमच्याकडे आजवर नातेवाईक सांगितलेलं काही ऐकत नाहीत म्हणून तक्रारी होत्या. हे पहिलंच घर, जे ऐकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी संपल्यावर मी वर गेले. पोरगी बावीस-तेवीसची असेल. मॅक्सीवर ओढणी, डोक्याला रुमाल, आणि ओढणीचा पुढचा भाग ओला. दूध वाहून चाललं होतं आणि ही त्याच्यावर ओढणी दाबून बसली होती. मी गोडीत सांगितलं, रागात सांगितलं. ती खाली पाहून एकच म्हणे, "दीदी, दोनदा पाजायची तयारी करून बसली होती मी. दोघं बी गेले. माझ्या दुधातच काही आहे. हे पाजलं की माझं होईल, आणि माझं झालं की जाईल."

माझ्या ट्रेनिंगमध्ये याचा धडा नव्हता. रात्रभर उभं राहून पाय दुखत होते, खाली ते पोट्टं फुगलेलं पोट घेऊन पडलं होतं, आणि वर त्याचं दूध ओढणीत जिरत होतं. माझा ताबाच सुटला. मी म्हटलं, "बरं. तुझं नाही न ते? माझं आहे न?"

"हो दीदी."

"मग माझं पोट्टं उपाशी मरून राहिलं. मला आता पान्हा फुटत नाही, माझी पोरगी बारावीत आहे. मला दाई पाहिजे. तू येते का कामाला?"

रागाच्या भरात बोलले मी, काही डोकं चालवून नाही. पण तिने पहिल्यांदा मान वर केली. अगदी व्यवहाराने विचारलं, "पगार काय?"

"पगार?"

"फुकट पाजलं तर माझंच झालं न ते. पगार घेतला म्हणजे कामाचं."

मला हसू आलं. मी पर्स धुंडाळली. "रोज मूठभर फुटाणे."

आजी शेजारच्या खाटेवर पेंगत होती, ती ताडकन उठली. "बाळंतिणीले फुटाणे? वातूळ राहते ते. पोट्ट्याचं पोट आधीच फुगलं आहे. अक्कल आहे का काही? खारीक द्या."

अशी रोजची एक खारीक ठरली. मालकीण मी, दाई ती, आणि मध्ये मुनीम आजी.

त्या दिवसापासून ती दूध काढून वाटीत देऊ लागली. पोट्ट्याचं पोट हळूहळू बसलं. नळीतून थेंब थेंब जायचं, मग थोडं जास्त, मग आणखी थोडं. काही दिवसांनी डॉक्टर म्हणाली, आता कांगारू केअर सुरू करू, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून बसवायचं, कातडीला कातडी. मी वर जाऊन सांगितलं, "काम वाढलं आहे." तिने विचारलं, "खारका दोन?" मी म्हटलं, "एकच. महागाई आहे." ती आली.

पहिल्या दिवशी खुर्चीत अशी बसली, जसं काही तिच्या मांडीवर कोणी पार्सल ठेवून गेलं आहे आणि मालक येईपर्यंत सांभाळायचं आहे. डोळे समोरच्या घड्याळावर. खाली एकदाही पाहिलं नाही. मी म्हटलं, बघ तरी. ती म्हणाली, "कामात पाहणं धरलं नव्हतं." उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, पण बरोबर होतं तिचं.

पण नोकरी नोकरी म्हणत माणूस कुठे कुठे जातो. आठवडाभरात बाई तक्रारी सांगू लागल्या. "दीदी, तुमचं पोट्टं लई आळशी आहे, अर्धं पिऊन झोपते." "दीदी, तुमच्या पोट्ट्याने आज डोळे उघडले. तुमच्यासारखे नाहीत." "दुपारच्या सिस्टरने टोपी ढिली बांधली होती. तुमचं लक्ष कुठे राहते?" मी माझ्याच पोट्ट्याच्या दाईकडून बोलणी खात उभी राहायची. डॉक्टरनेही खेळ धरला होता. राउंडला आली की गंभीर तोंडाने मला म्हणायची, "सिस्टर, आपके बेटे का वज़न बढ़ा है, मिठाई?" नाव अजून ठेवलेलं नव्हतं, सगळा स्टाफ त्याला फुटाणाच म्हणायचा.

आणि ती, दाई, सकाळी मी निघताना तळहात पुढे करायची. मी खारीक ठेवायची. ती माझ्यासमोरच दाताने फोडून खायची, बी कोपऱ्यातल्या डब्यात टाकायची आणि मग हात धुऊन पोट्ट्याजवळ जायची. पगार पोचला, कामावर हजर. एका दिवशी मी मुद्दाम विसरल्यासारखं केलं, तर हात तसाच पुढे धरून उभी राहिली. चेष्टा चालायची नाही त्यात. तेव्हा मला कळलं की आपण सगळे हसून राहिलो, पण हिच्यासाठी हा खेळ नाही.

मग माझ्या भाचीचं लग्न आलं, नागपूरला. दोन रात्रींची सुट्टी घेतली. लग्नात जेवले, नाचले, वर्षभराची झोप काढली, आणि खारकेची मला आठवणसुद्धा झाली नाही. परत आले तेव्हा युनिटच्या दारातच सिस्टरने सांगितलं, फुटाण्याने आदल्या रात्री दोनदा श्वास घेणं थांबवलं. अंगात इन्फेक्शन असावं. पुन्हा श्वासाच्या मशीनवर ठेवला होता, अँटिबायोटिक चालू. रंग मातीसारखा. मी जवळ जाऊन पाहिलं. आमच्या कामात असं होतं, किती वेळा झालं, पण या वेळी मला माझ्याच घरचं कोणी पडून असल्यासारखं वाटलं. लाज वाटली त्याची, पण वाटलं खरं.

आणि दाई बंद. वाटी नाही, कांगारू नाही. सकाळी मी वर गेले तर ती गुडघ्यात डोकं घालून बसली होती. आजी कपाळाला हात लावून बाजूला. दारात तिचा नवरा. हा आजवर आम्ही फक्त पिशव्या उचलताना पाहिलेला माणूस, रेल्वेच्या यार्डात ठेकेदाराकडे रोजंदारीवर, तोंडातून शब्द नाही.

ती म्हणाली, "दोन दिवस पगार नाही आला. मी तरी पाजलं. म्हटलं, भुकेलं राहील. फुकट पाजलं, दीदी. माझं झालं ते."

मी सांगितलं की इन्फेक्शन आहे, जंतू आहेत, औषध चालू आहे, डॉक्टर म्हणते की धोका आहे पण आईचं दूध मिळालं तर जास्त उभारी धरेल. मी जे बोलले ते सगळं खरं होतं आणि त्यातलं एक अक्षरही तिच्यापर्यंत पोचलं नाही. तिच्या हिशोबात जंतू पगार चुकल्यावरच येत होते. मी पर्समधून खारका काढल्या, आदल्या संध्याकाळी ड्यूटीवर येताना बाजारातून घेऊन ठेवल्या होत्या. तिने हात पुढे केला नाही. म्हणाली, "आता देऊन काय. वेळ निघून गेली."

मी आजीकडे पाहिलं. ज्या आजीने सगळं मांडलं, तिचंही डोकं आता चालेना.

तेव्हा दारातला नवरा खाकरला. म्हणाला, "काहून? माझा ठेकेदार दिवाळीचा पगार होळीला देते. म्हणून काय त्याचा ट्रक माझ्या नावावर झाला?"

आम्ही सगळ्या त्याच्याकडे वळलो. त्याला वाटलं, आपलं चुकलं. तो घाबरत घाबरत पुढे बोलला, "उशिरा दिला तरी पगारच राहते तो. बाकी म्हणते त्याले. मालक मालकच राहते."

आजीने हळूच मान हलवली. "हो न. बाकी होती ती. बाकी चुकवली की झालं." एवढ्या मोठ्या गोष्टीत हा मुका पोरगा कामाला येईल असं तिला बापजन्मात वाटलं नसेल. पोरगीने नवऱ्याकडे पाहिलं. जबलपुरात फॅक्टरी, रेल्वे, ठेका, कुठलंही घर घ्या, थकलेल्या पगाराइतकी पटणारी गोष्ट दुसरी नाही. तिने हात पुढे केला. मी तीन खारका ठेवल्या, दोन मागच्या, एक त्या दिवसाची. तिने खाल्ल्या नाहीत, ओढणीच्या टोकाला बांधल्या आणि वाटी मागितली.

फुटाणा मशीनवर बराच काळ होता. माझ्या रात्री त्या दिवसांत कशा गेल्या ते मी सांगत बसत नाही. ज्यांनी केलं आहे त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सासूबाईंसारखं वाटू द्या. तो निघाला त्यातून. आधी रंग परतला, मग भूक, आणि मग आवाज असा की मशीन बंद ठेवलं तरी चाललं असतं. दाई सकाळ-संध्याकाळ खुर्चीत. आता तिला घड्याळ लागत नव्हतं, पण मी काही बोलले नाही. बोललं की बिघडतं. रोज खारीक घ्यायची आणि ओढणीला बांधायची. माझ्या मनात आलं, बाळंतिणीचे दात दुखत असतील.

घरी सोडायच्या दिवशी मी पाळी संपवून थांबले. आजीने शेजारणीकडचं जुनं, मऊ लुगडं फाडून दुपटी आणली होती, नवं कापड नको म्हणून. फुटाण्याला त्यात गुंडाळलं. आजी दारात मोठ्याने म्हणाली, परत वर कोणाला तरी ऐकू जाईल अशी, "अजून पाच वर्षं ते तुमचंच. आम्ही फक्त सांभाळू. विचार गं दीदीले, नेऊ का म्हणून."

मी पर्समध्ये हात घातला. खारीक नव्हती. काम संपलं, आता कशाला लागते, असं समजून मी आणलीच नव्हती. वाटलं, पुन्हा तेच होणार, आता गेटवर ही पोट्टं माझ्या हातात देऊन मोकळी होणार.

ती जवळ आली. एका हाताने पोट्टं छातीशी धरलेलं, दुसऱ्या हाताने ओढणीची गाठ सोडत होती. गाठ सुटली आणि तिने सगळ्या खारका माझ्या ओंजळीत ओतल्या. हलक्या आवाजात बोलली, आजीला ऐकू जाणार नाही अशी. "ते आजारी पडलं त्या दिवसापासून एक बी खाल्ली नाही, दीदी. घेत होती, पण खाल्ली नाही. फुकट करून पाहिलं."

"काहून?" मी विचारलं.

"म्हटलं, माझं झालं तर काय होते ते एकदा पाहू." आणि खाली त्या दुपट्यातल्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "काही नाही झालं. वजनच वाढलं. आईंना सांगू नका."

म्हणजे मशीन चालू होतं, रंग मातीसारखा होता, मी घाबरून अर्धी झाले होते, तेव्हा ही रोज माझा पगार ओढणीत बांधून, एकटी, कोणाला न सांगता, त्याची आई होऊन बसली होती. दोन गेलेली असताना. माझी तेवढी हिंमत झाली नसती. मला तिच्यासाठी आनंद झाला आणि त्याच वेळी कोणीतरी माझं काही उचलून नेलं असंही वाटलं.

"विचारलं का?" आजी मागून ओरडली.

"नेऊ का दीदी, तुमचं पोट्टं?" तिने मोठ्याने विचारलं. चेहरा एकदम दाईचा.

"न्या," मी म्हटलं. आजीला नीट ऐकू जाईल असं म्हटलं. नवऱ्याने पिशव्या उचलल्या आणि चौघं ऑटोत बसले.

मी स्कूटी काढली. ओमतीच्या चौकात लाल दिव्याला थांबले आणि हेल्मेटच्या आत रडत बसले. मागच्या ऑटोवाल्याने दोनदा हॉर्न दिला. "दीदी, हरा हो गया, चलो." मी गाडी बाजूला घेतली आणि त्याला जाऊ दिलं. घरी सासूबाईंनी विचारलं, झाली का झोप, आणि डोळे काहून लाल. मुलीने पर्समधल्या खारका पाहून विचारलं, "मम्मी, इतने छुहारे?" मी म्हटलं, दुधात भिजत घाल. संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी त्या खाल्ल्या.